मागची सीट

अप्पांनी २००६ साली घेतलेली स्कॉर्पिओ आता थकलीय. तिच्या जागी काय घ्यायचं, यावरून घरात महिनाभर वाद चालला होता. अप्पांना क्लासिक हवी होती: तोच चेहरा, सिन्नरच्या मेकॅनिकला तोंडपाठ. मला स्कॉर्पिओ-एन.

“चालत्या गाडीला खीळ कशाला?” अप्पा म्हणायचे.

खरं तर हे माझंच तत्त्व. ऑफिसात जुन्या, निमूट चालणाऱ्या कोडला मीही कुणाला हात लावू देत नाही.

लहानपणी मी आणि ताई मागच्या समोरासमोरच्या सीटवर बसून पंढरपूरपर्यंत भेंड्या खेळायचो. वळण आलं की एकमेकांवर आदळायचो आणि हसायचो. पट्ट्याचा विषयही कुणी काढत नसे. क्लासिकच्या नऊ-सीटरमध्ये तशाच सीट आहेत. एनमध्ये तिसरी रांगही पुढे तोंड करून बसते.

डिसेंबर २०२२मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एनला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ५ स्टार मिळाले, मुलांच्या सुरक्षेसाठी ३. मी अप्पांना हे दाखवलं.

“मुलांना तीनच?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा ताई आली. चार वर्षांची भाची धावत जाऊन आमच्या जुन्या जागेवर बसली. अप्पांनी चावी फिरवली, आरशात पाहिलं आणि गाडी बंद केली.

“हिला पुढे घे. पट्टा लाव,” ते मला म्हणाले. “मधल्या सीटवर. आणि ती तुझी एन कधी बघायला जायचं?”

हट्ट माझाच होता. तरी रिकाम्या मागच्या सीटकडे मला बघवेना.