खसखशीएवढे अन्न

मुंबईहून विमानात बसलेला माणूस पाचसहा तासांत इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला उतरतो. उतरल्यावर त्याला पहिली गोष्ट कळते ती ही, की आपण महाबळेश्वरापेक्षाही हजारभर मीटर उंच आलो आहोत. साधा जिना चढतानासुद्धा धाप लागते. दुसरी गोष्ट कळायला जेवणाची वेळ व्हावी लागते. ती ही, की या देशात जेवण म्हणजे इंजेरा. आपण 'पोटापुरती भाकरी' म्हणतो तेव्हा भाकरीत जसे सगळे अन्न येते, तसे तिथे इंजेरेत येते. सावत्र आईला तर अम्हारिक भाषेत 'इंजेरेची आई' म्हणतात. जन्म दिला नाही, पण खाऊ घालते ती! सावत्र आईला इतके भले नाव मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेले नाही.

माझा पुतण्या तिकडे एका विद्यापीठात शिकवतो. इथिओपियात भारतीय मास्तरांची परंपरा जुनी आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत तिथल्या कितीतरी शाळांतून आपले लोक शिकवत असत. पुतण्याच्या आग्रहावरून गेल्या नोव्हेंबरात मी आणि सौ. तीन आठवडे तिकडे राहून आलो. तो ज्या घरात भाड्याने राहतो, त्या घराच्या मालकीणबाईंना सगळे 'एमामा' म्हणतात. आपण वडीलधाऱ्या बाईला 'आई' म्हणून हाक मारतो, त्यातलाच प्रकार. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर पांढरी सुती शाल, माहेर गोज्जम प्रांतात. त्यांना इंग्रजी येत नाही आणि सौ.ला अम्हारिक येत नाही. तरी तिसऱ्याच दिवशी दोघी स्वयंपाकघरात तास तास बोलत बसलेल्या दिसू लागल्या. दोन सुगरणींना भाषा लागत नाही, तवा पुरतो.

इंजेरा होते ती तेफ नावाच्या धान्याची. हे धान्य प्रथम पाहिले की हसूच येते. खसखशीएवढा दाणा! गव्हाच्या एका दाण्याच्या वजनाला तेफाचे दीडशे दाणे लागतात, असे म्हणतात. खाली सांडला तर शोधायची सोयच नाही. अम्हारिकमध्ये 'तेफ्फा' म्हणजे 'हरवला', आणि त्यावरूनच या धान्याचे नाव पडले, असे तिथले लोक हसत हसत सांगतात. एवढ्याशा दाण्यावर कोट्यवधी माणसे पोसली जातात, आणि ती काही आजकाल नव्हे, निदान तीन हजार वर्षे.

एमामांबरोबर आम्ही मेर्काटोच्या बाजारात गेलो. आपल्या मस्जिद बंदराची आठवण करून देणारा तो बाजार. गोण्यांच्या राशी, पाठीवर ओझी घेऊन धावणारे हमाल, आणि चाळण्या हलवीत बसलेल्या बायका. तेफाचे रंगावरून भाव. पांढरा तो 'नेच', तांबडा तो 'केय', दोन्हींची मिसळ ती 'सेर्गेन्या'. आणि पांढऱ्यातही अगदी शुभ्र तो 'माग्ना', श्रीमंतांच्या ताटातला. एमामांनी मूठभर तेफ तळहातावर घेतला, फुंकर मारली, चार दाणे दाताखाली धरले आणि मान हलवून पुढच्या दुकानाकडे वळल्या. आपल्याकडच्या आज्या तांदूळ घेताना हेच करीत. तिथून गिरणी. गिरणीवाला डोक्यापासून पायापर्यंत पिठात न्हालेला. तोही ओळखीचाच वाटला.

आता कृती सांगतो, कारण वाचक बायकांनी सौ.ला आधी तेच विचारले आहे. तेफाचे पीठ पाण्यात कालवायचे आणि त्यात 'एर्शो' म्हणजे मागच्या आंबवणावर साचलेले पिवळसर पाणी विरजणासारखे घालायचे. दोनतीन दिवस झाकून ठेवले की पीठ आंबते. मग वर आलेले पाणी काढून टाकायचे, त्यातलेच थोडेसे पुढच्या खेपेसाठी राखायचे. खरी खुबी पुढे आहे. आंबलेल्या पिठातला थोडा भाग वेगळा काढून पाण्यात उकळतात, त्याची पेज करतात आणि निवल्यावर ती पुन्हा पिठात मिसळतात. याला 'अब्सित' म्हणतात. तेफाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. तो या पेजेने येतो. पीठ पुन्हा फुगले की 'मितद' तापवायचा. हा मातीचा तवा; व्यास चांगला दोन फूट. आता शहरात विजेचे मितद आले आहेत. त्यावर पीठ कडेपासून मध्याकडे गोल गोल ओतीत आणायचे. बघता बघता वर हजारो छिद्रे पडतात. त्यांना म्हणतात 'डोळे'. जितके डोळे दाट, तितकी सुगरण मोठी. मग वर झाकण. दोनतीन मिनिटांत इंजेरा तयार. ती उलटायची नाही. गवताच्या विणलेल्या चकतीवर अलगद सरकवून घ्यायची.

"अहो, ही तर आपली आंबोळीच! फक्त लग्नघरातली," सौ. म्हणाली.

ही आंबोळी 'मेसोब' नावाच्या उंच वेताळी टोपलीवर पसरतात आणि तिच्यावरच कालवणे वाढतात. म्हणजे ताटही तीच, पोळीही तीच आणि शेवटी ताट खाऊन टाकायचे असल्यामुळे भांडी घासायचा प्रश्न अर्धा मिटलेला. बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वी सलग पंचावन्न दिवस तिथल्या सनातनी ख्रिस्ती लोकांचा उपास असतो. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप सारे वर्ज्य. शाकाहारी पाहुण्याची चैन! मसुरीचे तिखटजाळ 'मिसिर वोत', हळदीतले वाटाण्याचे वरण, आणि 'शिरो' नावाचे हरभऱ्यावाटाण्याच्या पिठाचे जे काही येते, त्याला मी तर पिठलेच म्हणतो. उरलेल्या इंजेरेचे तुकडे करून मसाल्यात परततात, ते 'फिरफिर'. आपली फोडणीची पोळी. आणि जेवताना वडील माणूस आपल्या हाताने घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालते. त्याला 'गुर्शा' म्हणतात. तो नाकारायचा नसतो. एमामांच्या घासाचा आकार पाहून मला घाम फुटे; पण घास नाकारला नाही.

एका रविवारी पुतण्याने आम्हाला बिशोफ्तूकडे नेले. अदिसहून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. पूर्वीचे नाव देब्रे झेइत. तिथल्या शेती संशोधन केंद्राने २००६ साली 'कुंचो' नावाचा तेफाचा सुधारलेला वाण काढला, तो शेतकऱ्यांनी उचलून धरला. कार्तिकाचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकलेला तेफ. हे पीक म्हणजे गवतच. कंबरेएवढे, केसांसारखे मऊ. वारा आला की शेतच्या शेत लवते, आणि जोराचा आला की आडवे पडते. हीच त्याची मोठी खोड. काडी नाजूक, ओंबीचे ओझे पेलत नाही. पेरणीपूर्वी जमीन चारपाच वेळा नांगरावी लागते. खुरपणी तर विचारूच नका. कापणी विळ्याने. मळणी खळ्यावर बैलांची पात धरून. पेंढा गुरांना, आणि उरला तर मातीत कालवून भिंतींना.

त्या खळ्यावरच एका वादाचे मूळ सापडले. एमामांची सून गरोदर होती. डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि एमामांचे म्हणणे, तांबडा तेफ असताना गोळ्या कशाला? पुतण्याच्या विद्यापीठातले अन्नशास्त्राचे प्राध्यापक बरोबर होते. ते म्हणाले, दोघांचेही खरे आहे. शंभर ग्रॅम तेफात सुमारे तेरा ग्रॅम प्रथिने, आठ ग्रॅम चोथा आणि १८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हापेक्षा कॅल्शियम कितीतरी जास्त. दाणा इतका बारीक, की त्याचा कोंडा काढताच येत नाही. त्यामुळे गरीब असो की श्रीमंत, अख्खे धान्यच पोटात जाते. लोहाचे आकडे मात्र चमत्कारिक. कुणी शंभर ग्रॅमला सातआठ मिलिग्रॅम सांगतो, तर कुणी शंभराच्याही पुढे जातो. त्यातले बरेच लोह दाण्यातले नसून या खळ्यातल्या मातीचे! बैलांच्या खुरांखाली ती दाण्याला चिकटते. धुतलेल्या तेफात लोह उतरते. शिवाय दाण्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोह अंगी लागू देत नाही. पीठ तीन दिवस आंबवले की ते द्रव्य पुष्कळसे मोडते, पण सगळे नाही. तेव्हा सुनेने गोळ्याही घ्याव्यात आणि इंजेराही खावी. एमामांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तीन दिवस आंबवायचे हे आम्हाला कुठल्या प्राध्यापकाने शिकवले नव्हते."

गव्हातला ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांना तेफ चालतो, हे युरोप-अमेरिकेला कळले आणि या गवताचे दिवस पालटले. देशातच धान्य महाग होईल या भीतीने सरकारने २००६ साली तेफाच्या आणि त्याच्या पिठाच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे ती थोडी सैल केली. भाजलेली इंजेरा मात्र विमानाने परदेशी जाते. याच सुमारास एका डच कंपनीने तेफाच्या पिठावर युरोपात पेटंट मिळवले. हजारो वर्षे ज्या बायका पीठ आंबवीत आल्या, त्यांना याची वार्ताही नव्हती. २०१८ साली हेगच्या न्यायालयाने ते पेटंट त्या देशापुरते रद्द ठरवले. मला आपल्या हळदीची आठवण झाली. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, त्यामागे डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांची परिषद उभी होती. प्रत्येक आजीच्या डब्याला असा वकील मिळतोच असे नाही.

कोर्टात जिंकलेला तेफ बाजारात स्वस्त झाला असे मात्र नाही. तो गेल्या काही वर्षांत महागतच गेला. हे मला सौ.ने दाखवले. एका संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "अहो, या घरात दोन भांड्यांत पीठ आंबते. आपल्याला वाढतात ती निव्वळ तेफाची. घरची मंडळी खातात त्यात अर्धे तांदळाचे पीठ असते. उद्याला ती कडक होते, तुटते. मी पाहिले."

पाहुण्याने यावर काय बोलावे? पैसे पुढे केले असते तर एमामांचा अपमान झाला असता. सौ. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपली पेटी उघडली. प्रवासाला निघताना नाचणीचे पीठ बरोबर घ्यायची तिची जुनी सवय. तिने स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला घेतली. एमामांनी पिठाची चिमूट उचलली, हुंगली आणि ओरडल्याच, "दागुस्सा!"

दागुस्सा म्हणजे नाचणी. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिकेच्या याच डोंगरपठारांवर. हजारो वर्षांपूर्वी ती तिथून आपल्याकडे आली आणि कोकणात इतकी रुळली की परकी आहे हे आपण विसरूनच गेलो. वनस्पतिशास्त्रात ती तेफाची चुलत बहीण. तीच गोष्ट कारळ्यांची. आपण ज्याची चटणी करतो ते कारळे तिकडे 'नुग', आणि उपासाचा स्वयंपाक त्याच्याच तेलात होतो. गोज्जममध्ये इंजेरेच्या पिठात दागुस्सा घालायची चालच आहे, हे एमामांच्या मुलीने आम्हाला समजावून सांगितले. एमामा माहेरची गोष्ट सांगत होत्या आणि बोलता बोलता सौ.च्या डब्यातले पीठ त्यांनी तेफाच्या भांड्यात ओतलेही.

तीन दिवसांनी मितद तापला. इंजेरा विटकरी रंगाची झाली, डोळे थोडे विरळ आले. एमामांनी नापसंतीने जीभ टाळ्याला लावली. पण त्या दिवशी मेसोबवर एकच इंजेरा होती आणि तिच्याभोवती आम्ही सगळे बसलो. पहिला गुर्शा सुनेला मिळाला. दुसरा सौ.ला.