इकडील सर्व क्षेम

आमच्या घराण्यात दहा माणसांवर कधी कोणी हुकूम चालवला नाही. माझ्या वाट्याला मात्र एकदम दोनशे सर्व्हर आले. दोनशे यंत्रांना एकेकटं गाठून कोण शिकवणार? त्यासाठी ‘पपेट’ नावाची सोय आहे; ल्यूक केनीज या गृहस्थांनी २००५ साली काढलेली. नाव कळसूत्री बाहुलीचं, पण थाट गुरुकुलाचा. दर तीस मिनिटांनी प्रत्येक यंत्र मुख्य सर्व्हरकडे जातं, आपण कसं असावं याची यादी आणतं आणि बिघडलं असेल तेवढं स्वतःच सुधारतं. (आमच्या चिरंजीवांसाठी असं काही निघालं तर रांगेत मी पहिला.) मग अहवाल : ‘बदल नाही’, ‘बदल केला’ किंवा ‘फसलं’.

असे दिवसाला ९,६०० अहवाल. ते वाचायचे तर नोकरी कधी करायची? प्रत्येक यंत्र शेवटच्या फेरीचा गोषवारा एका फायलीत ठेवतं. मी एक प्रोग्रॅम लिहिला : सगळे गोषवारे गोळा करायचे आणि ‘फसलं’ असेल तेवढंच मला दाखवायचं. महिना-दीड महिना काही दिसलं नाही. मी साहेबांना छाती फुगवून सांगितलं, “सर्व क्षेम!”

आणि एका मंगळवारी, नोकरी सोडून गेलेल्या आमच्या एका सहकाऱ्याचा फोन. “अहो, सवयीने बोटं चालली, तर दार उघडलं की हो!” त्याचं खातं काढायचा हुकूम कधीच सुटला होता. माणूस भला, म्हणून कळवलं तरी! गोषवारा मात्र म्हणत होता, ‘फसलं : शून्य’.

जेवताना हे रडगाणं गायलो. सौ. म्हणाली, “पत्रात क्षेम लिहिलंय खरं, पण तारीख कुठली?”

हातातला घास तसाच राहिला. पाहतो तो तारीख सत्तेचाळीस दिवसांपूर्वीची! त्यानंतर त्या यंत्राने फेरीच केली नव्हती, मग फसणार कशात? आणि माझा प्रोग्रॅम तेच जुनं पत्र रोज नव्या उत्साहाने वाचत होता.

कोणीतरी तिथलं पपेट बंद करून ठेवलं होतं. बंद करताना कारण नोंदवायची सोय त्यात आहे. आता गुन्हेगार सापडलाच, म्हणून बाह्या सरसावून ती नोंद उघडली. “दहा मिनिटं बंद. चहा घेऊन आलो की सुरू करतो.” खाली आद्याक्षरं माझीच.

तासाभरात ज्या यंत्राचं पत्र नाही, त्याचंही नाव आता यादीत येईल, एवढंच मी साहेबांना कळवलं. आद्याक्षरांचं काही बोललो नाही.