एवढे मार्क पुरतील का?

२१ मे २०२४ रोजी बारावीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन मिशन बंगल्यावर आले. साखर कारखान्यातले हंगामी कामगार. सोबत थोरली मुलगी आणि म्हातारी आई. नेटकॅफेतून छापून आणलेला गुणपत्रिकेचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. शास्त्र शाखा, ८९ टक्के. मुलीला दातांची डॉक्टर व्हायचे आहे, हे मला ठाऊक होते.

"फादर, एवढे मार्क पुरतील का?"

"उदंड झाले!" मी म्हणालो. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर वेदीसमोर उभे करून मी तिचा सत्कारही केला. टाळ्या झाल्या.

हे उत्तर मी इतक्या सहजपणे का दिले, याचा नंतर मी पुष्कळ विचार केला. माझी बारावी एकोणीसशे ऐंशीच्या दशकातली. त्या काळी महाराष्ट्रात वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेश बारावीच्या पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र या विषयांच्या गुणांवर होत. बोर्डिंगातला माझा एक सोबती असाच गुणांची बेरीज घेऊन गेला आणि दंतवैद्य झाला. मी सेमिनरीत गेलो. त्यानंतर तत्त्वज्ञान झाले, ईशज्ञान झाले, गुरुदीक्षा झाली. पण प्रवेशाच्या बाबतीत माझे ज्ञान त्या सोबत्याच्या गुणपत्रिकेपाशीच थांबून राहिले होते. १९९९ साली राज्याने सामाईक प्रवेश परीक्षा सुरू केली, ती मी वर्तमानपत्रात वाचली होती. २०१३ साली देशभरासाठी 'नीट' आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला, हेही वाचले होते. वाचले होते, पण ते कोणाच्या तरी घरात शिरलेले पाहिले नव्हते.

मुलीने ५ मे रोजी नीट दिली होतीच. घरच्यांच्या लेखी मात्र ती 'ती दुसरी परीक्षा' होती. खरी परीक्षा बोर्डाची, जिचा निकाल लागला की गावात पेढे वाटतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बारावीत या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गांना ४० टक्के मिळाले की बोर्डाचे काम संपले. ८९ टक्केवाली आणि ५१ टक्केवाला त्या दारातून सारख्याच मानाने आत जातात. पुढची सारी रांग ७२० गुणांच्या नीटवर लागते. तिथे बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो.

४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या गदारोळात, तो निकाल लागला. तिला ४८६ गुण होते. त्या वर्षी खुल्या वर्गाची पात्रता-रेषा सुधारित निकालात १६२ गुणांवर ठरली. म्हणजे तिला पात्रतेच्या तिप्पट गुण! बापाच्या चेहऱ्यावर पुन्हा पेढे दिसू लागले. "फादर, पन्नास परसेंटाईलला पास असतंय म्हणे. आपले तर किती तरी जास्त हायेत."

इथे आम्ही दोघेही फसलो. पन्नास टक्के आणि पन्नास पर्सेंटाइल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतले निम्मे तुमच्या मागे आहेत, एवढाच अर्थ. त्या वर्षी तेवीस लाखांहून अधिक मुले बसली होती. निम्मे मागे टाकूनही पुढे अकरा-बारा लाख उरतात. पात्र होणे म्हणजे यात्रेच्या गर्दीत आवारात शिरणे. वेदीपर्यंत पोहोचणे निराळे. त्या साली पेपर सोपा गेला होता आणि सुधारित निकालातही १७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. अशा वर्षी ४८६ गुणांच्या पुढे किती जण उभे असतील, हे फेऱ्या सुरू झाल्यावरच तिला कळले. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. तिचे नाव कुठल्याच यादीत नव्हते.

या मुलीला दंतवैद्यच का व्हायचे होते, ते सांगितले पाहिजे. ती नववीत असताना शाळेच्या ओट्यावर दंततपासणीचे शिबिर झाले. आजी नातीबरोबर नुसती बघायला गेली होती. आजीला चाळीस वर्षांची मिशरीची सवय. तव्यावर भाजलेली तंबाखू सकाळी हिरड्यांना लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. शिबिरातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज म्हणून तिला तोंड उघडायला सांगितले. वीज गेली होती, म्हणून नातीने बॅटरी धरली. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तो वेळेवर दिसला, तपासला गेला, निभावले. आपल्या जिल्ह्यातल्या गावांत मिशरी लावणाऱ्या आज्या आणि गुटखा खाऊन तोंड दोन बोटेही न उघडणारे तरुण यांची वाण नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, ही गोष्ट गावातल्या टपरीवाल्यांच्या कानी अजून गेलेली दिसत नाही. असो. त्या बॅटरीच्या उजेडात मुलीने जे पाहिले, ते तिच्या मनातून गेले नाही.

आपल्या जिल्ह्यात दंत महाविद्यालयांचा दुष्काळ नाही. लोणीला आहे, संगमनेरला आहे, खुद्द अहिल्यानगरला आहे. बापाला वाटे, लोणी तर एस.टी.ने अर्ध्या तासावर. पोर घरचा डबा घेऊन जाईल. पण लोणीचे महाविद्यालय प्रवरेच्या अभिमत विद्यापीठाचे आहे, आणि अभिमत विद्यापीठांच्या साऱ्या जागा दिल्लीहून, अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात. तिथे शेजारच्या गावातल्या मुलीचा हक्क जितका, तितकाच केरळातल्या वा बिहारमधल्या मुलीचा. शासकीय महाविद्यालये मुंबईला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला. संभाजीनगर आम्हांला जवळचे. पण २०२० पर्यंत तिथल्या राज्याच्या वाट्यातील सत्तर टक्के जागा मराठवाड्याच्या मुलांसाठी असत आणि नगरची मुले उरलेल्या तीस टक्क्यांत. ती ७०:३० ची पद्धत त्या वर्षी रद्द झाली, तेव्हा आमच्याकडे आनंद झाला आणि गोदावरीच्या पलीकडे रोष झाला.

"आपल्या मिशनच्या कॉलेजात तुमची चिठ्ठी चालत नाही का?" असे एका संध्याकाळी मुलीच्या आईने चाचरत विचारले. पंजाबात लुधियानाला ख्रिश्चन डेंटल कॉलेज आहे, हे तिला कोणीतरी सांगितले होते. अल्पसंख्याक संस्थांनाही नीट बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० रोजी दिला. आमच्या चिठ्ठीचे मोल त्याआधी तरी किती होते, देव जाणे.

आणि दुसरीकडे जागा रिकाम्या राहतात! २०२०-२१ या वर्षी देशात दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे सात हजार जागा मोकळ्या होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितली. खाजगी महाविद्यालयांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेही सुचवले. मला या निकालात आमच्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिसले. "गुण पुरतील का" असे आपण विचारतो, तेव्हा कोणत्या जागेसाठी, हे विचारायचे राहून जाते. शासकीय जागेला ते अपुरे, खाजगी जागेला कदाचित पुरेसे, आणि संस्थेच्या कोट्यातल्या जागेला तर गरजेपेक्षा जास्तच. तिथे मग दुसरा आकडा विचारला जातो. त्या उन्हाळ्यात एक मध्यस्थ या घरी येऊन गेला. त्याने गुणपत्रिकेकडे पाहिलेही नाही. त्याने सातबारा मागितला. बापाने तो दिलाही असता. मुलगीच आडवी आली.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाचा एक निर्णय निघाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय आणि अन्य काही वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा, आणि खाजगी अभिमत विद्यापीठे यातून वगळलेली. हे घर त्यात बसत होते. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आम्हा ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातींत स्थान नाही. शिखांना ते १९५६ साली मिळाले, बौद्धांना १९९० साली. एकाच वाड्यातल्या, एकाच पणज्याच्या दोन फांद्यांपैकी बौद्ध फांदीला एक दाखला मिळतो आणि ख्रिस्ती फांदीला दुसरा. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात. पण तसे धरले जाण्यासाठी जातीचा दाखला हवा, त्याची वैधता हवी, आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा.

माझी दुसरी चूक इथे आहे. हा दाखला काढू का, असे बापाने मला मुलगी अकरावीत असतानाच विचारले होते. "गुण चांगले असले की कशाला लागतो?" असे मी त्याला सांगितले होते. खरे सांगायचे तर जातीचा कागद काढण्यासाठी चर्चची वही उघडणे मला बरे वाटत नव्हते. २०२४ च्या फेऱ्यांत तो कागद तिच्या हाती असता तर काय झाले असते, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही.

त्या पावसाळ्यात मी स्नानसंस्काराची जुनी नोंदवही काढली. जर्मन धर्मगुरूंचे बारीक तिरके अक्षर, लॅटिन भाषा. मुलीच्या पणजोबांची नोंद सापडली: नवे नाव, बापाचे जुने नाव, गाव, धर्मपिता. जात नाही. लिहिणाऱ्याने ती मुद्दाम लिहिली नसावी. पाणी डोक्यावर पडल्यावर ती उरत नाही, असा त्याचा विश्वास असणार. माझाही तोच आहे. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात नुसते 'ख्रिश्चन'. पुढे तहसीलच्या अभिलेखात वतनाच्या जमिनीची एक जुनी नोंद मिळाली. तिच्यात त्या पणजोबांच्या बापाचे नाव होते, आणि पुढे 'महार वतन'. दोन कागद एकमेकांना जोडणारा दुवा मात्र आमच्या वहीतच होता. तिच्याशिवाय नव्या नावाचा मुलगा जुन्या नावाच्या बापाचा, हे सिद्ध झाले नसते. मी प्रमाणित उतारा दिला, मराठी भाषांतर जोडले, पडताळणी समितीसमोर दोनदा जाऊन बसलो. मार्च २०२५ मध्ये वैधता प्रमाणपत्र हाती आले. मुलगी वर्षभर घरीच अभ्यास करत होती.

१४ जून २०२५ रोजी निकाल लागला. बाप आला तो पेढ्यांशिवाय. "चौऱ्याहत्तर मार्क कमी झाले, फादर. चारशे बारा." मुलगी दाराशीच उभी राहिली. मी या वेळी चष्मा लावला आणि गुणांच्या खालची ओळ आधी वाचली. पेपर अवघड गेला होता; देशात पहिला आला त्यालाच ६८६ गुण होते, आणि पात्रतेची रेषा १४४ वर उतरली होती. गुण चौऱ्याहत्तरने घटले होते आणि तिचा क्रमांक मात्र गेल्या वर्षापेक्षा कितीतरी पुढे सरकला होता. हे बापाला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. "म्हंजी कमी पडूनबी जास्त?" "हो." "मग पुरतील का?"

या खेपेला मी "बघू" म्हणालो.

शासकीय जागा हुकली. केंद्रीय फेरीत जिल्ह्याबाहेरच्या एका खाजगी महाविद्यालयात, राखीव प्रवर्गातून, तिला जागा मिळाली. शिक्षणशुल्क माफ झाले. वसतिगृह, खानावळ, उपकरणे यांचा खर्च आहेच. त्यासाठी बापाने यंदा हंगाम संपल्यावर टेम्पोवर काम धरले आहे.

नाताळच्या सुट्टीत ती आली, तेव्हा रुमालात गुंडाळलेली मेणाची एक दाढ तिने टेबलावर ठेवली. पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. आजीने ती दाढ उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि आपल्या तोंडात उरलेल्या दाढेवर जीभ फिरवून पाहिली. मिशरी सुटली आहे, असे आजी सांगते.

"याला किती मार्क पडले गं?"

"दहापैकी पाच," मुलगी म्हणाली. "मॅडमनी पुन्हा कोरायला सांगितली आहे."