चकल्या कशा आल्या?

खरं सांगतो, बेडकांच्या अंड्यांना मी वर्षभर हसत होतो.

मी मातीचा केमिस्ट. माती आम्लात उकळायची, गाळून यंत्रात सोडायची, शिसं, जस्त, कॅडमियम किती ते छापून घ्यायचं, की काम संपलं. ओक्लाहोमातल्या आमच्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर मात्र 'फेटॅक्स' चालायचं. झेनोपस प्रजातीच्या आफ्रिकन बेडकांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी मिळवायची, त्यांच्यावरचा बुळबुळीत थर सिस्टिनच्या द्रावणाने काढायचा आणि निवडक भ्रूण मातीच्या अर्कात 96 तास ठेवायचे. मेले किती, वाकडे किती, लांबी किती भरली, एवढंच मोजायचं. जेम्स ड्युमाँट आणि सहकाऱ्यांनी 1983 साली मांडलेली ही पद्धत. 1991 मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तिची मार्गदर्शिका काढली. तरी मला तो पोपटवाल्याचा ज्योतिषधंदा वाटे. "काय म्हणतायत तुमचे बेडूक?" असं मी जाता-येता विचारायचो.

एकदा लाकडावर प्रक्रिया करणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या आवारातली माती आली. धातू सगळे मर्यादेत. मी 'धोका नाही' असा शेरा मारून मोकळा झालो. चार दिवसांनी शेजारच्या सहकारी बाईंनी काही न बोलता मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. स्वच्छ द्रावणातल्या पिल्लाच्या पारदर्शक पोटात आतडं चकलीसारखं नीट वळलेलं होतं. मातीच्या अर्कातल्या पिल्लांत वेटोळं पडलंच नव्हतं. शेपट्या वाकलेल्या, हृदयाभोवती पाणी साचलेलं. मी धातू शोधले होते. तिथल्या लाकडाला वर्षानुवर्षं क्रिओसोट नावाचं डांबरी तेल पाजलं जात होतं, त्याकडे मी पाहिलंच नव्हतं. यंत्राला विचारलं तेवढंच यंत्राने सांगितलं.

म्हणून मी लगेच बेडूकभक्त झालो असं नाही. पुढे खाणीजवळच्या एका मातीत शिसं भरपूर निघालं, पण भ्रूण ठणठणीत. शिसं खनिजात घट्ट अडकलेलं, पाण्यात उतरलंच नव्हतं. म्हणून ती माती निर्धोक ठरत नाही. अंगणात खेळणारं मूल मातीचा हात तोंडात घालतं आणि पोटातलं आम्ल पाण्यापेक्षा जास्त शिसं सोडवून घेतं. उलट, नुसत्या खारट मातीच्या अर्कातही भ्रूण मरतात; त्यामुळे क्षार आणि सामू आधी तपासावे लागतात. बिघाड झालाय हे भ्रूण दाखवतो, गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. ते शोधणं माझ्याकडेच राहतं.

'धोका नाही' हे शब्द मी आता लिहीत नाही. 'तपासलेल्या धातूंपैकी एकही मर्यादेबाहेर नाही' असं लांबलचक लिहितो. आणि सही करण्याआधी शेजारच्या टेबलापाशी जाऊन विचारतो, या वेळी न हसता, "चकल्या कशा आल्या?"