पळवाटा

वाई ते मेणवली तीन किलोमीटर, तिथून धोम आणखी पाच-सहा. डावीकडे कृष्णा, उजवीकडे पांडवगड, चढ म्हणावा असा नाहीच. नव्यानं पळायला लागलेल्या माणसाला मी हाच रस्ता सांगतो. महिन्याभरात तो कंटाळतो. डांबर ते डांबरच. कंटाळला की मग त्याला कॅनॉलवर न्यायचं.

*

धोम धरणाचा डावा कालवा डोंगराच्या पायथ्यानं निघतो आणि जवळजवळ एकच उंची धरून चालतो. पाणी वाहावं एवढाच उतार त्याला दिलेला. कडेच्या पट्टीवरून पळणाऱ्याच्या पोटऱ्यांनाही तेवढाच. ओढा आला की कालवा आत वळतो, डोंगराची सोंड आली की बाहेर येतो. समोर हाकेच्या अंतरावर दिसणारा आंबा गाठायला बराच वळसा पडतो. घाईत असलेल्या माणसाची इथं चिडचिड होते. मला मात्र वाटतं, खास पळण्यासाठी कुणी रस्ता आखायला बसलं असतं तर इतका चांगला जमला नसता. त्यानं मध्येच एखादा चढ घातला असता आणि वर बाकडं टाकून सेल्फीची सोय केली असती.

*

ही पट्टी अर्थात पळणाऱ्यांसाठी नाही, कालव्याच्या देखभालीसाठी आहे. आवर्तन चालू असलं की पाटकरी मोटरसायकलवरून फिरत असतो. त्याला रस्ता द्यायचा तो डोंगराच्या अंगाला सरकून, पाण्याच्या नव्हे. अस्तराचा उतार शेवाळानं गुळगुळीत असतो. आत गेलेला माणूस पोहता येत असलं तरी सहज वर येत नाही.

*

सकाळी सहाला पट्टीवर भेटतात ती रात्रभर दारं धरून परतणारी माणसं. शेतीच्या पंपाला वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, पाण्याची पाळीही रात्रीची येते. खांद्यावर खोरं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यातल्या एकानं विचारलं, “कशापायी पळताय ओ?” वजन कमी करायला, हे उत्तर अशा माणसासमोर तोंडातून फुटत नाही. “असंच,” म्हटलं. त्यानं एकदा माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, “पळा, पळा.” परवानगी मिळाल्यासारखं वाटलं.

*

मेणवलीचा घाट पायऱ्यांच्या सरावासाठी अनेकांच्या नजरेत भरतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १७६८ मध्ये हे गाव नाना फडणविसांना इनाम दिलं आणि नानांनी नदीकाठी वाडा, घाट, देवळं उभी केली. मेणेश्वराजवळच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी आल्या, त्यातलीच ही. ‘स्वदेस’ पाहिलेल्यांना घाट आधीच ओळखीचा असतो. पण सकाळी तो धुण्याचा असतो. साबणाच्या पाण्यावर बूट घसरतात, आणि बायका धुणं आपटत असताना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत वरखाली करणारा माणूस कसा दिसत असेल, याचाही जरा विचार करावा. दुपारी दोनला घाट मोकळा असतो. उन्हाची तयारी असेल तर तेव्हा या.

*

कुत्री. वस्तीवरचं कुत्रं अंगावर आलं तर पळणं थांबवायचं, चालायला लागायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर वाकून दगड उचलल्याचं सोंग करायचं. दगड नसला तरी चालतं. वाकण्याचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक आहे.

*

पाणंदींबद्दल सविस्तर लिहायला हवं. गाव नकाशात पाय मार्ग एका तुटक रेषेनं दाखवतात, गाडी मार्ग दोन तुटक रेषांनी. पाय मार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडी मार्गाची साडेसोळा ते एकवीस. नकाशा हातात घेऊन शिवारात गेलं की कळतं, साडेसोळा फुटांतून आता एक बैलगाडी कशीबशी जाते, आणि सव्वाआठातली वाट तर उसात बुडालेली असते. दर नांगरटीला एखादं तास आत सरकतं. दोन्ही बाजूंनी सरकतं, त्यामुळे दोष कुणा एकाचा नसतो आणि भांडण मात्र दोघांचं असतं. शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून ती देऊ शकतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, कलम ५. शंभर वर्षांहून जुना कायदा अजून रोजच्या वापरात आहे, यावरून वाटांच्या भांडणाचा टिकाऊपणा ध्यानात यावा. ही कलमं शेतात जाणाऱ्यासाठी आहेत, हौसेनं घाम काढणाऱ्यासाठी नाहीत. तेव्हा आमचा हक्क शून्य. बाभळीच्या काट्या टाकून अडवलेली वाट दिसली तर तिथूनच मागं फिरायचं. कुणी “जावा की” म्हटलं तर जायचं, आणि काट्या परत होत्या तशा लावायच्या. एवढं पाळलं तर पुढच्या खेपेला तोच माणूस भुईमुगाच्या शेंगा हातावर ठेवतो. पळताना त्या कुठं ठेवायच्या हा प्रश्न वेगळा.

*

पावसाळ्यात पश्चिमेकडे, म्हणजे धोमकडे, जावं तसा पाऊस वाढत जातो. वाईत भुरभुर असते आणि धरणाच्या भिंतीपाशी माणूस चिंब होतो. काळ्या रानात या दिवसांत पाय घालू नये. चार पावलांत बुटांना एवढा चिखल लागतो की तो खरवडायला काटकी शोधत बसावं लागतं. धोमच्या देवळात थांबायला जागा आहे. दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी बघत सर ओसरेपर्यंत वेळ बरा जातो.

*

फेब्रुवारी-मार्च. हळद निघाली की शिवारात ती शिजवण्याचा वास. कच्चट, मातकट, गरम. पहिल्या दिवशी घशात बसतो, आठवड्यानं त्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

*

उसाच्या हंगामात डांबरी रस्ता पळणाऱ्यानं सोडून द्यावा, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा असेलच असं नाही, आणि ड्रायव्हरच्या गाण्याच्या आवाजात त्याला तुमचं ओरडणं ऐकू येत नाही. त्या दिवसांत कॅनॉल बरा. खाली रानात ऊसतोड टोळ्यांची पालं पडलेली असतात. आपण पहिल्या किलोमीटरला धापा टाकत असतो, तेव्हा त्यांच्या कितीतरी मोळ्या बांधून झालेल्या असतात.

*

बावधनचं बगाड रंगपंचमीला. त्या दिवशी तिकडे पळायला जाऊ नये, बघायला जावं. दगडी चाकांचा तो डोलारा बैलांच्या जोड्या बदलत सोनेश्वरापासून गावापर्यंत ओढत नेतात.

*

गावात खरं पळतात ती भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारले की वीसपैकी वीस गुण. रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारून अंतर ठरवलेलं असतं. पायात कुणाच्या बूट, कुणी अनवाणी. कडेला एकजण मोबाइलवर वेळ लावून उभा. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत दहावी आली, हे त्यांना तोंडपाठ आहे. स्टीपलचेसमधलाच बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळेही त्यांना ठाऊक आहे. पण ऑलिंपिकपेक्षा पाच-दहाची काळजी मोठी, कारण त्या आकड्याला पगार जोडलेला आहे.

त्यांच्याजवळून जाताना माझी चाल आपोआप वाढते. परवा एका मुलीनं विचारलं, “काका, टायमिंग काय तुमचं?” मी किलोमीटरला सात मिनिटं म्हणून सांगितलं. तिनं मनातल्या मनात आठशेचा हिशेब केला असावा. मग अगदी आदरानं म्हणाली, “तुम्हाला भरतीला नाही ना जायचं? मग जरा कडेनं पळता का, आमची रेघ तेवढी मोकळी राहू द्या.”