काकू, आता मूठ सोडा

औषध अजून शरीरात गेलेलंच नाही आणि माणसाला नुसत्या रस्त्यानं उलटी होते, हे मला माहीत नव्हतं. आणि ती उलटी श्वासानं, हातापायांचे स्नायू आवळून-सोडून आटोक्यात येऊ शकते, हे कळल्यापासून तर मी भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले आहे!

माझ्या ताईची केमो चालू आहे. आम्ही पुण्यात येरवड्यात, जेल रोडला राहतो. रिक्षा पर्णकुटी चौकातून बंडगार्डनच्या पुलाकडे वळली की ताईचा चेहरा पांढराफटक व्हायचा, नदी ओलांडेपर्यंत तोंडाशी पदर. हॉस्पिटल अजून पुढंच, सलाइन लागायला तर बराच अवकाश. ताईला वाटायचं, आपणच मनानं कच्च्या.

हॉस्पिटलातल्या समुपदेशक मुलीनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, मन कच्चं नाहीये तुमचं. शरीर शिकलंय." पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची ना, तसंच! आधीच्या खेपांची मळमळ शरीरानं पुलाशी, स्पिरिटच्या वासाशी, वॉर्डातल्या पडद्याशी बांधून टाकलेली. याला 'अँटिसिपेटरी नॉशिया' म्हणतात, आणि केमोनंतरच्या उलट्या थांबवणारी औषधं इथं फारशी चालत नाहीत. पण शरीर जे शिकलं ते त्याला विसरायलाही लावता येतं! रॉचेस्टर विद्यापीठातल्या गॅरी मॉरो यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर 1982 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे मांडलं. रुग्णांना आधी अंग सैल सोडायला शिकवायचं, मग त्या सैल अवस्थेतच हॉस्पिटलची वाट पायरीपायरीनं डोळ्यांसमोर आणायला सांगायची. मळमळ कमी झाली. 1982 मध्ये! आणि आमच्या घरात कुणाच्या कानावरही नव्हतं.

करायचं काय, तर अगदी साधं. मूठ घट्ट आवळायची, पाच-सात सेकंद, आणि एकदम सोडून द्यायची. सोडल्यावर हातात काय वाटतं तिकडं निवांत लक्ष द्यायचं. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पावलं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरनं ही पद्धत बसवली, त्याचं पुस्तक 1929 चं. ताण म्हणजे काय हे स्नायूला आधी नीट कळलं की सैल होणंही त्याला ओळखता येतं, हे त्याचं म्हणणं. शेवटी श्वास, आत घेतला त्याहून सावकाश बाहेर सोडायचा. त्यानं हृदयाची गती उतरते. सुई टोचलेला हात मात्र आवळायचा नाही, आणि स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूच्या हाताचं डॉक्टरांना आधी विचारायचं.

घरी सराव केला, मग रिक्षात. आणि एका खेपेला पुलावर ताई चक्क बोलत होती! नदीत जलपर्णी किती माजली आहे, म्हणाली. पदर खांद्यावरच होता. मळमळ पुरती गेली नव्हती, वॉर्डात शिरताना थोडी आलीच, पण पूल आमचा झाला!

मग मी वाचतच सुटले. आणि वाचता वाचता पुण्यातच येऊन पोचले! बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये योग शिकवायला पुण्यात आले, त्यांची रमामणी अय्यंगार संस्था 1975 पासून आहे. लोड, घड्या घातलेली कांबळी, पट्टे, खुर्च्या यांचा आधार देऊन, जोर न लावता आजारी माणसालाही आसनात राहता येईल, ही त्यांनी काढलेली वाट. आणि याच अय्यंगार योगाचा अभ्यास लॉस एंजेलिसमध्ये ज्युलियन बोवर यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या, पण थकवा काही केल्या न जाणाऱ्या 31 बायकांवर केला. बारा आठवडे. 2012 मध्ये निष्कर्ष आले, योग करणाऱ्यांचा थकवा खरोखर उतरला. आता दुपारी ताई सोलापुरी चादरीची घडी पाठीखाली घालून छाती उघडी ठेवून पडते. समुपदेशक मुलीला आणि डॉक्टरांना विचारूनच.

कर्करोगावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन संस्थांनी 2023 मध्ये मिळून मार्गदर्शन काढलं. उपचार चालू असताना येणाऱ्या चिंतेसाठी त्यात ध्यान आहे, योग आहे, अंग सैल सोडणं आहे, संगीत आहे, तळपाय दाबणंही आहे. या कशानंही कर्करोगाची गाठ विरघळत नाही. गाठीसाठी केमोच, आणि कुणी काही वेगळं सांगू लागलं तर तिथून उठून यावं. मालिशही विचारल्याशिवाय नको. प्लेटलेट कमी असतील, पायात रक्ताची गाठ असेल तर ते धोक्याचं.

पण एक गोष्ट मला प्रत्येक घरापर्यंत पोचवायची आहे. मळमळ एकदा शरीरात बसली की उठवणं कठीण, पहिल्या खेपेपासून उलट्या नीट आवरल्या तर ती सहसा बसत नाही. म्हणून पहिल्या केमोच्या आधीच डॉक्टरांना उलटीच्या औषधांचं विचारा, आणि तुमच्या हॉस्पिटलात समुपदेशक किंवा फिजिओथेरपिस्ट कुठं बसतात तेही तेव्हाच विचारून घ्या.