गुरुवारची ओळ

पाथरीला जायचं म्हणजे मानवत रोडला गाडीतून उतरायचं आणि पुढं रिक्षा नाहीतर जीप. साईबाबांचं जन्मगाव म्हणून गावाचं नाव झालंय. 2020च्या जानेवारीत त्यावरून वाद होऊन शिर्डी बंदसुद्धा राहिली. बाहेरची माणसं इथं मंदिर बघायला येतात. मी निघाले होते सासूबाईंना बघायला, आणि खरं सांगायचं तर धाकट्या जाऊबाईंना चार शब्द सुनवायला.

सासूबाई इन्शुलिनवर आहेत. दोन महिन्यांत तीनदा त्यांना दरदरून घाम सुटला, एकदा तर शुद्धच हरपली. धाकटी सुई टोचताना चुकते, असं सगळ्या घरानं ठरवून टाकलं. मीही त्यातच!

पोचले तर धाकटीनं चहा ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. तुमच्याआमच्या घरी असतं तसंच, दुधाचा हिशेब, गॅसची तारीख. पण प्रत्येक घरात दोन्ही वेळची साखर आणि टोचलेलं इन्शुलिन लिहिलेलं. "ताई, मला कुणी विचारलंच नाही," एवढंच म्हणाली. शिवाय दर वेळी मशीनच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो. सेल बदलले की मशीनची तारीख कधी कधी बिघडते, फोटोची तशीच राहते.

रात्री दोघी चष्मे लावून बसलो. बाकीचे वार ठीक. गुरुवारच्या संध्याकाळी मात्र 62, 58, 66, 61. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. धाकटी दुपारी अंगणवाडीत असते. आणि सासूबाई? डॉक्टरांनी बंद केलेला साईबाबांचा गुरुवार चोरून धरत होत्या, ताट गाईपुढं! इन्शुलिन मात्र पुरतं.

डॉक्टरांनी पानं दोन मिनिटं पाहिली. मात्रा आपल्या मनानं कमी करू नका, उपास असला तर आधी विचारा, म्हणाले. साखर उतरली आणि माणूस शुद्धीवर असलं तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध नसली तर तोंडात काही घालायचं नाही, 108ला फोन. त्यांना विचारूनच धाकटीनं हे बोलणं मोबाईलमध्ये भरून घेतलं. घरी येईस्तोवर निम्मं विसरतं ना, बाई!

मग त्या पानांचे फोटो मी मुंबईच्या थोरल्या दिरांना पाठवले. खाली लिहिलं, धाकटी चुकली नव्हती. उत्तर अजून आलेलं नाही.